मूठ आणि चिमटी : शाळकरी मुलांच्या हाताची ताकद कशी मोजायची आणि कशी वाढवायची

नववीतली एक मुलगी माझ्यासमोर बसून निबंध लिहीत होती. दहा-बारा ओळी झाल्या की पेन खाली ठेवायची, हात झटकायची, बोटं मोडायची आणि पुन्हा लिहायला लागायची. मी खुर्ची जवळ ओढून तिचा हात नीट पाहिला. अंगठा पेनावरून आडवा जाऊन तर्जनीवर चढला होता. तर्जनीचं शेवटचं पेर उलट्या बाजूला वाकलं होतं आणि नखाचं टोक पांढरंफटक पडलं होतं. आई म्हणाली, "मॅडम, हातात जोरच नाही हिच्या. दाबायला बॉल आणून दिलाय, रोज दाबते." मूठ मोजली, ती वयाला साजेशी निघाली. चिमटी मोजली आणि दुखणं कुठे आहे ते कळलं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि हा अनुभव मला वरचेवर येतो. हाताची ताकद म्हटलं की घरात आणि शाळेत मूठच डोळ्यांसमोर येते. चिमटी कुणी मोजत नाही, मग ती वाढवायचंही कुणाला सुचत नाही. पाचवी ते बारावीच्या मुलांची मूठ आणि चिमटी दोन्ही कशी मोजायची, आकडा कसा वाचायचा आणि पुढे काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिते. पीटीचे शिक्षक, वर्गशिक्षक, शाळेत शिबिर घेणारे फिजिओथेरपिस्ट आणि घरी प्रयत्न करणारे आईबाबा, सगळ्यांना हे करता येईल.

आधी दोन पकडी समजून घ्या

जॉन नेपियर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञांनी १९५६ साली हाताच्या पकडीचे दोन मोठे भाग केले. एक जोराची पकड : बादलीची कडी, कबड्डीत पकडलेला घोटा, मल्लखांबाची दोरी. दुसरी नेमकेपणाची पकड : पेन, सुई, रांगोळीची चिमूट.

मूठ आवळणारे मोठे स्नायू पंजात नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्या कंडरा दोऱ्यांसारख्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी मूठ आवळा. आत काहीतरी फुगल्यासारखं लागेल, तेच ते स्नायू. चिमटीतही त्यांचा वाटा असतो, पण तिथे अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातले छोटे स्नायू फार मोठं काम करतात. म्हणून एखाद्या मुलाची मूठ दणकट आणि चिमटी कच्ची असू शकते.

मुलांना मनगटाचं महत्त्व पटवायला मी एक छोटा प्रयोग करून दाखवते. मनगट पूर्ण आत वाकवायला सांगायचं आणि त्याच स्थितीत मुठीत पेन्सिल घट्ट धरायला सांगायचं. पेन्सिल सहज ओढून काढता येते. मग मनगट किंचित मागे, म्हणजे हाताच्या पाठीकडे झुकवून तीच पेन्सिल धरायला सांगायचं. आता ती निघत नाही. मनगट आत वाकलं की बोटं आवळणाऱ्या दोऱ्या सैल पडतात आणि बोटं उघडणाऱ्या दोऱ्या ताणल्या जातात. सातवीतली मुलं हे एकदा पाहिलं की विसरत नाहीत.

साधन कोणतं घ्यायचं

मूठ मोजायच्या उपकरणाला हँड डायनॅमोमीटर म्हणतात. जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रकार म्हणजे जामार. तो हायड्रॉलिक असतो, त्याची दांडी पाच अंतरांवर बसवता येते आणि तबकडीवर ९० किलोपर्यंतचे आकडे असतात. तो महाग आहे. शाळेला झेपत नसेल तर बॅटरीवर चालणारा डिजिटल डायनॅमोमीटर चालेल. मात्र वर्षभर तोच वापरा. एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या आकड्याशी ताडू नका.

चिमटी मोजायला पिंच गेज लागतो. तळहातात मावेल एवढं हे उपकरण असतं आणि त्याच्या एका टोकाला दाबायची पट्टी असते. शाळेने तो एकट्याने विकत घ्यायलाच हवा असं नाही. आसपासच्या चार शाळा मिळून एक घेऊ शकतात, किंवा फिजिओथेरपी कॉलेजला विचारता येतं. त्यांचे विद्यार्थी असं काम आनंदाने करतात.

दोन्हींपैकी काहीच नसेल तर रक्तदाब मोजायच्या तबकडीवाल्या यंत्राचा पट्टा वापरता येतो. पट्टा गुंडाळून त्याची वळकटी करा, सुटू नये म्हणून चिकटपट्टी लावा आणि २० पर्यंत हवा भरा. आता मुलाने वळकटी आवळली की काटा किती वर जातो ते पाहा. हा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये येतो, त्याचे किलो करत बसू नका. त्याच मुलाची आजची आणि तीन महिन्यांनंतरची मूठ ताडायला तो पुरतो. अडचण एकच : तबकडी ३०० ला संपते आणि अकरावी-बारावीतले काही मुलगे तिथवर सहज पोचतात.

डायनॅमोमीटर घेतला की वर्षातून एकदा तरी वजन टांगून तपासून घ्या. दहा किलोचं प्रमाणित वजन टांगल्यावर दहाच्या आसपासच आकडा दिसायला हवा. हे बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही, आणि यंत्र बिघडलंय हे कळायला दोन वर्षं जातात.

मोजण्याच्या दिवशी

पालकांना आधी चिठ्ठी पाठवा. काय मोजणार, का मोजणार आणि मुलाला नको असेल तर नाही मोजणार, हे त्यात साध्या शब्दांत लिहा. गेल्या काही महिन्यांत हात किंवा मनगट मोडलं असेल, हाताचं ऑपरेशन झालं असेल, सांधे सुजत असतील किंवा हृदयाचा आजार असेल तर पालकांनी कळवावं, असंही लिहा. अशा मुलांना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय जोर लावायला सांगू नका.

प्रत्येक मुलाची जन्मतारीख, उंची, वजन, कोणत्या हाताने लिहितो, आणि मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पंजाची लांबी लिहून घ्या. पंजाची लांबी वायफळ वाटेल, पण सहावीच्या वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या पंजांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असतो आणि मुठीच्या आकड्यात तो दिसतो.

वेळही पाळा. पहिल्यांदा पीटीच्या तासाआधी मोजलं आणि पुढच्या वेळी दोरीउड्या मारून घामाघूम झाल्यावर मोजलं, तर ते दोन आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. लांबलचक लेखी परीक्षेनंतर तर मुळीच मोजू नका.

आणि कुणाचाही आकडा वर्गात मोठ्याने वाचू नका. या वयातल्या मुलांना तो फार लागतो. एकेकाला बोलवा, कागदावर लिहा, हवं तर त्यालाच दाखवा.

मूठ मोजताना

बसण्याची पद्धत ठरलेली आहे आणि ती अमेरिकन हँड थेरपिस्टांच्या संघटनेने घालून दिली आहे. मूल पाठीला टेका असलेल्या, हात नसलेल्या खुर्चीत बसेल. पाय जमिनीला टेकलेले. लहान मुलांचे पाय पोचत नसतील तर खाली पाट द्या. खांदा सैल, दंड अंगालगत. कोपर काटकोनात. अंगठा वर राहील असा हात, जसा आपण हस्तांदोलनाला पुढे करतो. मनगट सरळ किंवा थोडंसं मागे झुकलेलं.

जामारची दांडी दुसऱ्या खाचेत ठेवा, बहुतेकांसाठी तीच वापरतात. पंजा फारच लहान असेल तर पहिली खाच घ्या, पण कागदावर तसं लिहून ठेवा आणि पुढच्या वेळीही तीच खाच ठेवा. घड्याळ, कडं, अंगठी काढायला सांगा. यंत्र पडू नये म्हणून खालून तुमचा हात हलकासा ठेवा. यंत्राला वर उचलू नका, तुमचा जोर त्यात मिसळतो.

आधी एकदा हळूच दाबून पाहू द्या. मग काटा शून्यावर आणा आणि सांगा, "हळूहळू सुरुवात कर आणि मग जेवढा जोर आहे तेवढा लाव. लाव, लाव, लाव... सोड." तीन ते पाच सेकंद पुरतात. धक्का मारून दाबू देऊ नका. श्वास कोंडू देऊ नका. मूल दात-ओठ खायला लागलं की ते श्वास कोंडतंच, म्हणून मी दाबताना मोठ्याने "हाsss" म्हणायला सांगते. प्रत्येक मुलाला शब्द तेच आणि आवाज तेवढाच ठेवा. एकाला ओरडून प्रोत्साहन आणि दुसऱ्याला नुसतं "हं, दाब" म्हटलं तर फरक ताकदीचा राहत नाही.

उजवा, डावा, उजवा, डावा असे प्रत्येक हाताचे तीन प्रयत्न घ्या, म्हणजे दमलेल्या हाताला आपोआप विश्रांती मिळते. त्याच हाताच्या दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट तरी जाऊ द्या. तिन्ही आकडे लिहा आणि सरासरी काढा. १८, २० आणि १९ आले तर १९. तिसरा आकडा बाकीच्या दोनांपेक्षा फारच वेगळा आला तर बहुधा दांडी निसटलेली असते किंवा लक्ष दुसरीकडे असतं. थोडं थांबून तो प्रयत्न पुन्हा घ्या.

फसगत कुठे होते? कोपर अंगापासून सुटतो, खांदा वर चढतो, अख्खं अंग पुढे झुकतं. मुलगे तर उठून उभे राहतात. असं झालं तर आकडा खोडा आणि पुन्हा घ्या, रागावू नका.

चिमटी मोजताना

बसायची पद्धत तीच. चिमटीचे तीन प्रकार मोजतात.

किल्लीची चिमटी : कुलपात किल्ली फिरवताना धरतो तशी. तर्जनी आत वळवून तिच्या बाजूवर गेज ठेवायचा आणि वरून अंगठ्याच्या पोटाने दाबायचं.

तिबोटी चिमटी : अंगठ्याचं पोट एका बाजूला, तर्जनी आणि मधल्या बोटाचं पोट दुसऱ्या बाजूला. मोदकाची कळी काढतो, रांगोळी धरतो, पेन धरतो, ती ही.

टोकाची चिमटी : अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक. जमिनीवरची टाचणी उचलायची चिमटी. यात अंगठा आणि तर्जनी मिळून गोल 'ओ' दिसला पाहिजे.

किल्लीची आणि तिबोटी चिमटी साधारण सारख्या येतात, टोकाची त्यांच्यापेक्षा कमी येते. टोकाची जास्त आली तर मूल बोटांच्या पोटाने दाबतंय, पुन्हा पाहा. नखं वाढलेली असली तरी ही चिमटी चुकते, म्हणून नखं कापून यायला आदल्या दिवशी सांगा.

आकड्याइतकंच बोटाकडे लक्ष द्या. दाबताना तर्जनीचं शेवटचं पेर आत कोसळून उलटं वाकतंय का? अंगठ्याचा मधला सांधा बाहेर निघतोय का? तसं असेल तर आकड्यासमोर एक खूण करा. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीची तिबोटी चिमटी डाव्या हाताची चांगली होती आणि लिहित्या उजव्या हाताची तिच्याहून कमी. शिवाय प्रत्येक प्रयत्नाला पेर कोसळत होतं. पेन निसटू नये म्हणून ती अंगठा आडवा टाकून त्याला अक्षरशः जखडून ठेवत होती.

आता हिशेब. एका मुलाची मूठ आणि तिन्ही चिमट्या, दोन्ही हात, तीन-तीन प्रयत्न म्हणजे २४ वेळा दाबणं. चाळीसच्या वर्गात हे पीटीच्या तासांत बसत नाही. माझा सल्ला असा : सगळ्या वर्गाची मूठ आणि तिबोटी चिमटी घ्या. एका मुलाला पाचेक मिनिटं धरली तरी पाच-सहा तासिका लागतील, त्या दोन आठवड्यांत पसरा. उरलेल्या दोन चिमट्या ज्यांची तक्रार आहे किंवा ज्यांचा आकडा खटकतो त्यांच्याच घ्या.

आकडा वाचताना

बारा वर्षांपर्यंत मुलगा-मुलगी यांच्या मुठीत फार फरक नसतो. तिथून पुढे मुलग्यांचा आलेख झपाट्याने चढतो, मुलींचा सावकाश. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या मॅथिओवेट्झ यांच्या मोजमापांत १२-१३ वर्षांच्या मुलग्यांची उजवी मूठ सरासरी २७ किलोच्या आणि मुलींची २६ किलोच्या आसपास होती. १६-१७ व्या वर्षी मुलगे ४३ आणि मुली साधारण ३० किलोपर्यंत गेल्या होत्या. हे आकडे वाढीचा कल कळावा म्हणून दिले. आपल्या मुलांची उंची, बांधा, खाणं वेगळं आहे, त्यामुळे ते पास-नापासाची रेघ म्हणून वापरू नका.

या वयात वयापेक्षा वाढ बोलते. त्याच वर्गात एका मुलाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. उंची भराभर वाढते तेव्हा स्नायू थोडे मागे राहतात आणि ताकद त्यानंतर येते. म्हणून उंच वाढलेल्या मुलाला "एवढा मोठा झालास आणि झाकण उघडत नाही?" असं कृपा करून कुणी म्हणू नये.

उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचा उजवा हात साधारण दहा टक्के जास्त भरतो. डावखुऱ्यांमध्ये मात्र दोन्ही हात बरेचदा सारखे येतात, कारण जग उजव्यांसाठी बनलंय आणि त्यांचा उजवा हातही राबतो. डावखुरं मूल सारखे आकडे देत असेल तर त्यात बिघाड काही नाही.

एक-दीड किलोचा चढउतार रोजचाच असतो. तो वाढला म्हणून पेढे वाटू नका आणि कमी झाला म्हणून घाबरूही नका.

आकडा कमी आणि मूल दमलेलं, चेहरा फिका, जिना चढताना धाप लागते, असं दिसलं तर व्यायामाआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलग्यांमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली दप्तरात टाकून देतात. ती जेवणानंतर, शिक्षकांसमोर घेतली जाईल एवढं पाहिलं तरी मोठं काम होईल.

ताकद वाढवताना

जागतिक आरोग्य संघटनेचा ५ ते १७ वयासाठी सल्ला आहे : रोज सरासरी ६० मिनिटं अंग हलवणारा व्यायाम आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा. हाताचा व्यायाम त्या तीन दिवसांत १५ मिनिटं घाला. व्यायामाने उंची खुंटते ही भीती मनातून काढा. नीट शिकवलेल्या, बेताच्या भाराच्या व्यायामाने तसं होत नाही.

बॉलबद्दल आधी सांगते. नुसता मऊ बॉल दाबत राहण्याने फारसं होत नाही. भार हलका राहतो, तो वाढत नाही आणि चिमटीला त्याचा उपयोग कमी.

मुठीसाठी मला सर्वांत आवडतो ओला पंचा. बादलीत बुडवायचा, दोन्ही हातांनी धरून एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, थेंब पडायचा थांबेपर्यंत पिळायचा. मूठ, मनगट आणि कोपराखालचा हात सगळे एकदम कामाला लागतात. पाच वेळा पिळणं सोपं झालं की पंचाऐवजी टॉवेल घ्या, मग जाड टॉवेल. वॉशिंग मशीन आल्यापासून मुलांच्या हातातून हे काम गेलं. पाणी शेंदणं, खलबत्ता, नारळ सोलणं हीदेखील त्याच वळणाची कामं. यातलं जे घरी अजून चालतं ते मुलगा-मुलगी दोघांनाही करू द्या.

त्याशिवाय अर्धी भरलेली बादली प्रत्येक हातात घेऊन मैदानाची एक बाजू चालणं. आडव्या बारला पूर्ण मुठीने दहा सेकंद लटकणं आणि हळूहळू वीसपर्यंत नेणं. बोटांच्या टोकांवर लटकू देऊ नका. वाढत्या वयात बोटांच्या हाडांतल्या वाढीच्या चकत्या कच्च्या असतात आणि भिंत चढणाऱ्या किशोरांमध्ये तिथे फ्रॅक्चर झालेली आढळतात. रस्सीखेच, आणि जिथे शिकवणारे आहेत तिथे दोरीचा मल्लखांब. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेल्या मल्लखांबाइतका हाताचा पूर्ण व्यायाम माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

चिमटीसाठी कपडे वाळत घालायचे चिमटे घ्या. अंगठा-तर्जनीने दहा वेळा उघडायचे, मग अंगठा आणि मधलं बोट, मग अनामिका. बोटाचं पेर गोल राहिलं पाहिजे. ते कोसळलं की थांबायचं आणि हलका चिमटा घ्यायचा. दहा वेळा सहज जमलं की घट्ट स्प्रिंगचा. जाडजूड वही कण्याकडून तिबोटी चिमटीत धरून दहा सेकंद अधांतरी ठेवायची. घट्ट मळलेल्या कणकेच्या पारीला मोदकासारख्या कळ्या काढायच्या, जेवढ्या जवळजवळ जमतील तेवढ्या. मटार सोलणं, वाती वळणं, गजरा करणं यांतही बोटं छान घडतात.

शेवटी पाचही बोटांवर रबरबँड चढवून पंजा उघडायचा, पंधरा वेळा. आवळणाऱ्या स्नायूंचाच व्यायाम केला तर उघडणारे मागे पडतात आणि मनगट डळमळतं.

स्नायू दुसऱ्या दिवशी किंचित जड वाटले तर हरकत नाही. सांधा दुखला तर तो व्यायाम थांबवा.

लिहिताना हात दुखत असेल तर

ताकद हे एकच कारण नसतं. बोटं पेनाच्या टोकापासून साधारण दोन-अडीच सेंटिमीटर वर असू द्या. मुलाने लिहिताना पेन मागून हळूच ओढून पाहा. जराही हलत नसेल तर तो गरजेपेक्षा जास्त आवळतोय. थोडं जाड पेन किंवा रबरी ग्रिप द्या. पान उलटताना हात खाली सोडून बोटं एकदा पूर्ण उघडायची सवय लावा. दहावीचा तीन तासांचा भाषेचा पेपर जूनमध्येच डोळ्यांसमोर ठेवा. आधी सलग वीस मिनिटं लिखाण, दर आठवड्याला थोडी वाढ, म्हणजे फेब्रुवारीत हात अचानक दगा देत नाही.

मुंग्या येणं, बधिरपणा, हातातून वस्तू वारंवार पडणं, सकाळी सांधे आखडणं किंवा सुजणं, एका हाताची ताकद अचानक जाणं, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होत जाणं, यांतलं काहीही दिसलं तर व्यायाम न देता डॉक्टरांकडे पाठवा. ज्यांची अडचण कायमची आहे त्या दिव्यांग मुलांसाठी बोर्डाच्या जादा वेळेच्या आणि लेखनिकाच्या सवलती आहेत. त्यासाठीची कागदपत्रं नववीतच गोळा करायला घ्या.

पुन्हा मोजताना

दहा-बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा. तीच खुर्ची, तेच यंत्र, तीच खाच, दिवसाची तीच वेळ, आणि शक्यतो मोजणारी व्यक्तीही तीच. उंची पुन्हा घ्या, कारण वाढलेल्या आकड्यातला काही भाग नुसत्या वाढीचा असतो. मुलाला त्याचा मागचा कागद दाखवा, शेजारच्याचा नको.

त्या मुलीला आम्ही चिमटे, कणकेच्या कळ्या आणि जाड पेन दिलं होतं. तीन महिन्यांनी ती आली तेव्हा आकडा दीड किलोच वाढला होता आणि तेवढ्यावर मी काही ठरवलं नसतं. मी तिला एक उतारा लिहायला दिला. तिने पान भरलं, उलटलं, हात खाली सोडून बोटं उघडली आणि पुढे लिहू लागली. तर्जनीचं पेर गोल होतं आणि नख गुलाबी.